रेंजच्या धोंड्यावरची पाळी

"चौऱ्याऐंशी!" हर्षला एवढ्या जोरात ओरडली की दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "रोजचे तीन जीबी, अठ्ठावीस दिवस. चौऱ्याऐंशी जीबी! काका, हाच प्लॅन घ्यायचा!"

कर्जतच्या बाजारातल्या मनोजच्या मोबाईल दुकानात ती सगळी टोळी जमली होती. तेरा वर्षांची हर्षला, तिचा अकरा वर्षांचा भाऊ देवेश, आणि शेलूच्या त्यांच्याच इमारतीत राहणारा, सदानकदा भुकेला ओमकार. मागे हरेशकाका आणि सुप्रियाकाकू उभे होते. काकांची सतरा सीटची गाडी होती. दिवाळीपासून प्रवाशांना डोंगराकडच्या तंबूंत मुक्कामाला न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. रस्ता बघायला, बुकिंग घ्यायला गाडीत एक टॅब हवा होता, आणि पहिली फेरी घरच्याच माणसांची होणार होती.

"मला यातलं काही कळत नाही," काका म्हणाले होते. "हर्षला, टॅब तू निवड. प्लॅनही तूच."

एवढं मोठं काम आजवर कुणी तिच्यावर सोपवलं नव्हतं. तिला तर आभाळ ठेंगणं झालं! टॅबची निवड तिने चांगलीच केली. देवेशला गेमसाठी आवडलेला स्वस्त टॅब नुसत्या वायफायचा होता. "गाडीत वायफाय कुठून आणणार?" असं म्हणून तिने सिमचा घेतला. पडदा उन्हात दिसतो का, ते बाहेर रस्त्यावर नेऊन पाहिलं. रबरी कव्हरही मागून घेतलं. मनोजने मान डोलावली. "हुशार हाय पोरगी!"

तिथवर सगळं ठीक होतं.

"पण ताई, एक सांगू?" मनोज म्हणाला. "प्लॅन जीबी बघून नाय घ्यायचा, कुठं जायचं ते बघून घ्यायचा. ही दुसरी कंपनी महिन्याला पंचवीसच देते, पण रोजची अट नाय, एका दिवसात वापरा नायतर महिनाभर पुरवा. कशेळ्याच्या पुढं टॉवर कुणाचा हाय, ते तिथल्या माणसाला विचारा. मग सिम देतो."

"विचार की जागृतीला," काकू म्हणाली. डोंगराच्या पायथ्याची वेळूची वाडी हे काकूचं माहेर, आणि जागृती तिची धाकटी भाची. "अकरा वाजलेत, आत्ता फोन लागेल तिला."

हर्षलाने नाक मुरडलं. मागच्या वर्षी एका लग्नात जागृतीने तिला विचारलं होतं, "व्हिडिओ चढवतात म्हंजे कुठं चढवतात गं?" ते आठवून तिला हसूच आलं.

"तिला काय कळतंय प्लॅनमधलं! पंचवीस कुठे आणि चौऱ्याऐंशी कुठे!"

काका म्हणाले, "बरं, तू म्हणशील तसं."

एक फोन. फार तर दोन मिनिटं लागली असती. पुढे कितीतरी दिवस हर्षला त्या दोन मिनिटांशीच येऊन थांबायची.

*

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी निघाली. कशेळ्याच्या बाजारात ओमकारने तीन वडे खाल्ले, चौथा खिशात ठेवला. बाजार मागे पडला, आणि टॅबवरचा नकाशा थिजला.

"ए, आपण हलतोय, पण गाडीचा बाण जागेवरच आहे!" देवेश म्हणाला.

हर्षलाने टॅब खिडकीबाहेर धरला, डोक्यावर धरला. रेंजची एक कांडी येईना! काका वळण चुकले. गाडी एका खळ्यात शिरली आणि भाताच्या भाऱ्यांसमोर जाऊन थांबली.

"दीदी, चौऱ्याऐंशी जीबी आहेत ना तुझ्याकडे? त्यातले दोन बाहेर काढ, रस्ता विचारू त्यांना!" देवेशने चिडवलं.

ओमकार हसता हसता वड्यावरच बसला. काकाही हसले. हर्षलाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपण चुकलो, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं!

तंबूंच्या कॅम्पवर पोचल्यावर तिने सगळा राग मालकावर काढला. संतोष हा कुंभिवलीचा. हायवेवर त्याचं हॉटेल होतं, आणि यंदाच त्याने वाडीच्या वरच्या माळावर आठ तंबू ठोकले होते. दारातल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'निसर्ग, शांतता आणि फुल रेंज!'

"ही फुल रेंज?" हर्षलाने टॅब त्याच्या नाकासमोर धरला. "एक कांडी नाही! मी अभिप्राय लिहिणार आणि एकच तारा देणार. आमच्या काकांची गाडीही मग दुसऱ्या कॅम्पला जाईल."

"अरे अरे, बाय माझी!" संतोष घाबराच झाला. "एक तारा नका देऊ! रेंज वाढवायचा डबा आणलाय मी शहरातनं, पेटीतच पडून हाय. उद्या सकाळी लावतो. चार कांड्या नाय आल्या तर नाव बदला माझं!"

*

सकाळी जनरेटर धडधडायला लागला. स्वयंपाकाच्या झोपडीवर एक लांब बांबू उभा राहिला, बांबूच्या टोकाला सळ्यांचा सांगाडा आणि खाली काळा डबा. हर्षलाने टॅब उघडला. चार कांड्या!

"बघितलंत? प्लॅन चुकला नव्हता. इथली सोय चुकली होती!" तिने ऐटीत सगळ्यांना दाखवलं, आणि वाटेत काढलेला लांबलचक व्हिडिओ चढवायला लावला.

तेवढ्यात पायवाटेने दोन मुली वर येताना दिसल्या. पुढची जागृती. मागची तिची अठरा वर्षांची थोरली बहीण रुचिता. रुचिताच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीत फोन होते. चांगले पंधरा-सोळा!

"फोन विकायला निघालात?" ओमकारने डोळे विस्फारले.

"विकायला कशाला? पाळी हाय आमची," जागृती हसली. "खाली वाडीत रेंजच नाय. त्या वरच्या धोंड्यावर तेवढी येते, ती पण दुसऱ्या कंपनीची. म्हणून रोज एका घराची पाळी. सगळ्यांचे फोन टोपलीत घालून न्यायचे, दहा ते एक तिथं बसायचं. ज्याचा फोन वाजंल तो घ्यायचा, निरोप वहीत लिहायचा आणि घरोघर जाऊन सांगायचा."

म्हणून काकू म्हणाली होती, 'अकरा वाजलेत, आत्ता फोन लागेल.' हर्षलाने मान खाली घातली.

"या आठवड्यात मात्र रोज आमचीच पाळी," जागृती पुढे म्हणाली. "ताईनं सगळ्यांची मागून घेतलीय. तिला नर्सिंगच्या कॉलेजातनं फोन यायचाय!"

रुचिता लाजली. "येईलच असं नाय गं. यादीत दुसरी हाय मी. कुणी जागा सोडली तर बोलावतील. पण बोलावल्यावर त्याच दिवशी हो म्हणावं लागतं, नायतर पुढच्या मुलीला देतात. यंदाची ही शेवटची फेरी."

"मिळेलच," काकू तंबूतून बाहेर येत म्हणाली. कार्तिकातला तिचा एकभुक्तीचा, दिवसातून एकदाच जेवायचा नेम चालू होता. पहाटेची अंघोळ आणि दिवा आटोपून ती आली होती. "रोज दिव्यापाशी तुझं नाव घेते मी."

सगळी टोळी धोंड्यावर गेली. टोपली मधे ठेवली. दहाचे साडेदहा झाले, साडेदहाचे अकरा. एकही फोन वाजला नाही.

"असं कधी होत नाय," जागृती पुटपुटली. "दहा वाजता तर शहरात कामाला असलेल्या पोरांचे फोन येतातच. आज धोंडा मुका झाला की काय?"

"टॉवर बंद पडला असंल. येईल," रुचिता म्हणाली. पण तिची बोटं ओढणीचं टोक सारखी गुंडाळत होती. थोड्या वेळाने ती हर्षलापाशी आली. "हर्षला, तुझ्या त्या टॅबला खाली रेंज हाय ना? माझी मेल तेवढी बघायची होती. कॉलेजवाले कधी कधी मेल पण करतात."

"हो, देते ना ताई!" हर्षला म्हणाली. "फक्त व्हिडिओ चढतोय तो होऊ दे. मधेच थांबवला तर पहिल्यापासून चढवावा लागेल."

"बरं," रुचिता म्हणाली आणि तिच्याबरोबर खाली उतरून तंबूबाहेरच्या दगडावर बसून राहिली. मागणं हा तिचा स्वभावच नव्हता. दुसऱ्यांदा तिने विचारलं नाही आणि हर्षलाच्या ध्यानात राहिलं नाही.

एक वाजता पाळी संपवून जागृती टोपली घेऊन खाली आली, तेव्हाच टॅबवर पाटी आली. आजचा डेटा संपला. व्हिडिओ अर्ध्यातच अडकला होता, आणि आता साधं एक पानही उघडेना!

"अगं बाई! ताई, संपलाच गं. उद्या नवे तीन जीबी येतील ना, तेव्हा नक्की!"

"असू दे गं," रुचिता उठली. "भात कापायचा राह्यलाय, बाबा वाट बघत असतील." आणि टोपली उचलून ती उतरायला लागली. जागृतीने मात्र जाता जाता हर्षलाकडे असं पाहिलं, की तिला खाली बघावं लागलं.

*

तिसऱ्या दिवशी रुचिता आली नाही. शेतावर माणसं कमी होती. टोपली घेऊन जागृती एकटीच आली आणि कुणाशी न बोलता धोंड्यावर चढली. मुलंही मागोमाग गेली. फोन आजही गप्पच होते.

खाली जनरेटरने आचके दिले आणि तो बंद पडला. माळावर एकदम शांत झालं. संतोषचा माणूस डिझेलचा कॅन घेऊन धावताना दिसला.

"टिंग!"

टोपलीतला एक जुनाट फोन वाजला होता. चौघंही टोपलीवर वाकली. तेवढ्यात जनरेटर पुन्हा धडधडला, आणि टोपली पुन्हा मुकी!

"थांबा, थांबा!" देवेशने दोन्ही हात वर केले. "आवाज बंद झाला तेव्हा रेंज आली. आवाज सुरू झाला आणि रेंज गेली!"

"जनरेटरचा नि रेंजचा काय संबंध?" ओमकार म्हणाला.

"जनरेटरचा नाही. त्याच्यावर चालणाऱ्या डब्याचा!" देवेश म्हणाला. "आपल्या कंपनीची रेंज वाढवताना तो दुसरीची दाबत असेल. धोंडा मुका कधीपासून झाला? कालपासून. आणि डबा कधी लागला?"

उत्तर हर्षलाला कुणापेक्षाही आधी कळलं होतं.

चौघं धावत संतोषकडे गेली. त्याने ऐकून घेतलं आणि हात झटकला. "काय पण डोकं लावता! माझा डबा रेंज वाढवतो, खातो व्हय? टॉवरच बिघडला असंल. जा, खेळा जा."

"हा असा ऐकणार नाही," झाडामागे जाऊन हर्षला म्हणाली. "आपणच खात्री करायची. जागृती, तू धोंड्यावर. फोन वाजले की तुझी लाल ओढणी हलव. ओमकार, तू मधल्या चढावर, म्हणजे आम्हाला दिसेल. जनरेटर मी बंद करवते."

"तू? तो ऐकणारे का तुझं?" देवेश म्हणाला.

"बघच!"

ती टॅब घेऊन संतोषपुढे उभी राहिली. "काका, तुमच्या कॅम्पचा मस्त व्हिडिओ करते. पाच तारे! पण फलकावर शांतता लिहिलंय आणि व्हिडिओत नुसती धडधड येते. पाखरांचा आवाज हवा. पाच मिनिटं बंद कराल?"

"पाच तारे?" संतोष खुलला. "ए, जनरेटर बंद कर रे! आणि माझा पण फोटो घ्या हां, तंबूपाशी." त्याने खिशातून कंगवा काढला.

जनरेटर थांबला. हर्षलाने टॅब संतोषवर धरला, पण डोळे चढावाकडे. एक मिनिट गेलं. दोन गेली. आणि ओमकार उड्या मारायला लागला! वर लाल ओढणी फडफडत होती!

जनरेटर सुरू झाला. ओढणी खाली आली.

"काका, तुमचे केस उडाले होते मघाशी. परत घेऊया का?" देवेशने साळसूदपणे विचारलं.

"हां हां, घ्या की! बंद कर रे परत!"

पुन्हा शांतता, आणि पुन्हा लाल ओढणी! देवेशने आनंदाने टाळी वाजवली. एकदा वाजले तर योगायोग असेल, तीनदा कसा असेल? कोडं सुटलं होतं!

पण या वेळी ओढणी मधेच थांबली, आणि जागृती दगडांवरून धडपडत खाली पळत आली. तिच्या हातात एक फोन होता. रुचिताचा.

"वाच," ती धापा टाकत म्हणाली. "तू वाच. माझ्यानं वाचवत नाय."

कालच्या तारखेचे संदेश होते. सकाळी अकरापासून तीन वेळा फोन करून गेल्याच्या खुणा. आणि खाली, 'एक जागा रिकामी झाली आहे. आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत होकार कळवावा. अन्यथा जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल. ई-मेलही पाठवला आहे.'

काल. ई-मेलही पाठवला आहे.

हर्षला शेताकडे कशी धावली, ते तिला नंतर आठवेना. रुचिता गुडघाभर भातात वाकलेली होती. तिने विळा बांधावर ठेवला, हात ओढणीला पुसले, संदेश वाचला. ती झपाझप धोंडा चढली आणि तिने कॉलेजला फोन लावला. सगळे तिच्याभोवती उभे होते.

"हो मॅडम... नाय, रेंज नव्हती... हो, समजलं... नाय नाय, तुमची काय चूक." तिने पलीकडचं ऐकून घेतलं. "त्या मुलीनं घेतली ना जागा? बरं. ठेवते."

तिने फोन टोपलीत ठेवला, बाकीच्यांच्या फोनांबरोबर, नीट. मग टोपली डोक्यावर घेऊन उतरायला लागली.

*

दुपारी सगळी वाडी कॅम्पवर जमली. हरेशकाकांनी संतोषला चांगलंच सुनावलं. "अशी यंत्रं परवानगीशिवाय लावायची नसतात, संतोषशेठ! तुमच्या चार कांड्यांपायी अख्खी वाडी मुकी झाली."

"शप्पत सांगतो, मला माहीत नव्हतं," संतोषचा चेहरा उतरला होता. स्वतः चढून त्याने बांबू उतरवला. फलकावरचं 'फुल रेंज' ओल्या मातीने लिंपून टाकलं. मग जागृतीच्या नागूआजांसमोर हात जोडून तो उभा राहिला.

नागूआजा वाडीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी मुलांना पुढे बोलावलं. "शेरातली पोरं, पण नजर बघा कशी! मोठ्यांच्या डोक्यात शिरलं नाय ते पोरांनी शोधून काढलं. शाब्बास रं लेकरांनो!" त्यांनी एकेकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओमकारने दुसरा खडा मागून घेतला. काका सगळ्यांना सांगत होते, "ही आमची हर्षला! युक्ती हिचीच."

हर्षलाने गूळ तोंडात टाकला नाही. मूठ मिटूनच ती उभी राहिली. टाळ्या थांबेनात, तसं तिला रडू आवरेना.

"आजा, मला शाब्बास म्हणू नका," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक झाला, की पुढची माणसं जवळ सरकली. "डबा मीच लावायला लावला. माझ्या टॅबला रेंज नव्हती म्हणून. कुणाची रेंज येते ते जागृतीला विचार, असं काकू म्हणाली होती. मी विचारलं नाही. जागृतीला काय कळतंय, असं मी म्हटलं. आणि काल रुचिताताईने टॅब मागितला होता, मेल बघायला. तेव्हा त्याला रेंज होती. मी दिला नाही. माझा व्हिडिओ चढत होता."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. देवेश चपलेने माती उकरत राहिला.

नागूआजा म्हणाले, "खरं बोललीस, ते बरं केलंस पोरी. चूक झाकणारे पुष्कळ बघितले मी." पण त्यांनीही रुचिताकडे बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. ती मागे, कुडाच्या भिंतीला टेकून उभी होती. हळूच वळून ती शेताकडे गेली.

त्या संध्याकाळी काकूने दिवा लावला, तेव्हा हर्षला तिच्याशेजारी बसली. "काकू, वर्ष म्हणजे किती गं?" तिने विचारलं. काकूने वात पुढे सारली. मग ती हर्षलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

*

परतीच्या दिवशी गाडीत रुचिताही होती. कशेळ्याला एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मदतीला मुलगी हवी होती. पुढच्या वर्षीचा फॉर्म निघेपर्यंत तिथे काम मिळतं का, ते ती विचारणार होती. ओमकारने वाटेत एकदाही खायला मागितलं नाही.

कशेळ्याच्या बाजारात गाडी थांबली. रुचिता उतरली, तिच्यामागे हर्षलाही उतरली.

"ताई, पुढच्या वर्षी..." हर्षलाला वाक्य पुरं करता येईना. पुढच्या वर्षी काय? आपल्या हातात होतं ते परवाच होतं!

रुचिताने ओढणी सावरली. "पुढच्या वर्षी मी परत फॉर्म भरीन. ते माझं मी बघीन." तिने दवाखान्याकडे एकदा पाहिलं. "काल सगळ्यांसमोर बोललीस, माझ्यासाठी ते सोपं नव्हतं ऐकायला, पण बरं केलंस. खोटं नाय सांगत हर्षला, आज मला तुझ्याशी हसून बोलता येत नाय. थोडे दिवस जाऊ दे. मग बोलू आपण. बोलूच."

"मी येईन," हर्षला म्हणाली. "तू बोलशील तेव्हा."

रुचिताने मान हलवली. दोन जीपच्या मधून वाट काढत तिने रस्ता ओलांडला. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी थांबून तिने पायातली चिखलाची चप्पल झटकली, नीट कडेला ठेवली, आणि अनवाणीच ती आत गेली.

"हर्षला, चल गं," काकूने हळूच हाक मारली.

दवाखान्याचं दार बंद होईपर्यंत हर्षला तिथेच उभी होती.